मोठ्या आवाजाची आत्या

आमच्या आत्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात ती सिस्टर. वॉर्डाच्या दारातूनच ओरडायची, "काय आप्पा, पोट साफ झालं का?" आणि आप्पा बिचारे लाजून चादर डोक्यावर घ्यायचे.

अकरावीला मी कंधारहून तिच्याकडे राहायला आलो. डॉक्टर व्हायचं होतं. क्लासच्या मित्रांसोबत गांजा ओढायला लागलो आणि वर्षभरात पार रया गेली. पान उलटलं की वाचलेलं विसरायचो. आत्याने ना दप्तर तपासलं, ना हात उगारला. जेवताना सरळ विचारलं, "गांजा ओढून राहिलास का रे?"

मीही निगरगट्ट! म्हणालो, "शेजारचे किशनआप्पा चाळीस वर्षं चिलीम ओढतात. त्यांना काय झालं?"

"त्यांचा खोकला ऐक की रोज सकाळी. पण ते लागले तवा लेकराबाळांचे बाप होते. घर बांधून झालतं त्यांचं. तुझा स्लॅब अजून ओला हाय, बाळा. आत्ता पाय उमटला तर तसाच राहतो."

दुसऱ्या दिवशी युनिफॉर्मवरच ती मला मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेली. तेही स्वतःच्याच दवाखान्यात! मी म्हणालो, "लातूरला जाऊ, इथं तुझी अब्रू जाईल."

"माझ्या अब्रूला काय धाड भरलीय? तुझं डोकं गेलं तर कुठून आणू?" म्हणत ती रांगेत उभी राहिली.

सोडताना लई हाल झाले. झोप उडाली. एकदा तर मी जेवणाचं ताट भिरकावलं. तिने दुसरं वाढलं. "डोक्यातलं गेलेलं सगळं परत येईल का, ते मी सांगू शकत न्हाई," हेही तिने खरं सांगितलं. बरंच आलं. डॉक्टर काही झालो नाही. धर्माबादला शाळेत विज्ञान शिकवतो.

परवा आत्याच्या निवृत्तीचा सत्कार झाला. माइक हातात घेऊन बाई म्हणते कशी, "हा माझा भाचा. सोळाव्या वर्षी गांजा ओढत होता. सुटला. मला लई अभिमान हाय त्याचा." मेलो! शेजारी बायको, समोर अख्खा स्टाफ. कुठं तोंड लपवू, असं झालं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. पोराचा दंड धरून सगळ्यांदेखत पुढं माझ्याकडे आली. "सर, ह्याच्याशी बोला जरा." पोरगा मान वर करेना. आत्याने त्याला आपल्या सत्काराच्या खुर्चीवर बसवलं. अशी आमची आत्या!

मी माझी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. म्हणालो, "मीबी सोळाच वर्षांचा होतो."