दोराचं टोक

आयुष्यभर मासेमारी करून माशाचा एक घासही न खाल्लेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात राहतो. आम्ही विद्यार्थिनी त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. मूळचे पुण्याचे, शुद्ध शाकाहारी. तरुणपणी इंग्लंडमधल्या एका खेड्यात नोकरीला असताना एका म्हाताऱ्या पेशंटनं त्यांना तळ्याकाठी नेलं आणि हा नाद लावला. तिकडचे हौशी लोक कार्प मासा पकडतात, त्याचं तोंडभर कौतुक करतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. काकांना हा प्रकार फारच पटला. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, त्याला ओल्या गादीवर निजवायचं, गळ काढला की ओठाला अँटिसेप्टिक लावायचं, हे ते अगदी रंगून सांगत. "इतक्या मायेनं माझा ताप कधी बघितला नाही यांनी," असं काकू म्हणायच्या.

त्या वर्षांत टूवूंबात विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता. तीन खोल्यांच्या घरात आम्ही सातजणी, गाडी एकीकडेही नाही, आणि रविवारी बस असली तर असली. काका आम्हाला किराण्याला न्यायचे. कायद्याचे एवढे पक्के की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी स्वतःच्या फाटकात वळताना इंडिकेटर द्यायचे. किराण्यानंतर मात्र गावाबाहेरच्या ओढ्यावर त्यांच्याबरोबर तासभर गप्प बसणं सक्तीचं होतं. बाकीच्या मैत्रिणींना हळूहळू नेमक्या रविवारीच असाइनमेंट येऊ लागल्या. मी टिकले, कारण माझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि कोणाच्या तरी शेजारी काही न बोलता बसायला मला बरं वाटायचं.

एकदा काका थर्मास आणायला गाडीकडे गेले असताना मी सहज दोर वर ओढला. टोकाला शिशाचं वजन होतं, गळ नव्हताच. मला भरून आलं. काका विसरायला लागले, बिचारे इतके महिने नुसता पाण्यावर तरंगणारा फ्लोट बघत बसलेत, आणि हे त्यांना सांगणार कोण? पुढच्या रविवारी त्यांची पाठ वळताच मी पेटीतला गळ दोराला बांधला, त्यांनीच सांगितली होती तशी कस्टर्ड पावडर घातलेली कणकेची गोळी त्याला लावली आणि दोर पाण्यात सोडला. काका येऊन बसतात न बसतात तोच फ्लोट बुडाला.

क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला धन्य वाटलं. मग तो एकदम उतरला.

"गळ तू लावलास?"

"तुम्ही विसरला होतात ना काका, म्हणून."

"विसरलो नव्हतो गं. इथं कार्प म्हणजे उपद्रवी मासा. सापडला की मारायचाच, परत सोडणं गुन्हा आहे. म्हणून मी गळच लावत नाही."

"सोडून द्या ना, इथं कोण बघतंय?"

"ओढ्याची वाट लावतो हा. कायदा बरोबर आहे," काका म्हणाले. "तोच तर त्रास आहे."

त्यांनी हात ओले केले. मासा गादीवर घेऊन अलगद गळ काढला. सवयीनं अँटिसेप्टिकची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि तसेच थांबले. मग झाकण लावून बाटली पेटीत जागेवर ठेवली. "तू जरा गाडीत जाऊन बस," म्हणाले. मासा त्यांनी घरी नेऊन परसातल्या लिंबोणीखाली पुरला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी गाडी येणार नाही असं मी धरूनच चालले होते. गाडी आली, इंडिकेटर देत. काठावर काकांनी दोर बोटांतून टोकापर्यंत चाचपून पाहिला आणि मगच पाण्यात सोडला. त्यानंतर दर रविवारी ते दोर चाचपायचे आणि मी मान खाली घालायचे.

युनिव्हर्सिटी संपून मला सिडनीला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी काकांनी दोराकडे न बघताच रॉड माझ्या हातात दिला. "आज तू टाक," म्हणाले आणि थर्मासचं झाकण फिरवत बसले. मग मीच दोर टोकापर्यंत चाचपला, दोनदा, आणि पाण्यात सोडला. आता सिडनीतल्या कॅसल हिलला माझी स्वतःची गाडी आहे. रविवारी किराणा झाला की तासभर कोणाशेजारी गप्प बसावं, ते मात्र कळत नाही.