उंबऱ्याबाहेरून पाहिलेली मालिका

चिकलठाण्याच्या आमच्या कॉलनीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. भांडी घासणारी बाई उंबऱ्याबाहेर बसून मालिका बघायची. तिचा कप खिडकीत वेगळा असायचा. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मालिकेतल्या श्रीमंत आईनं मुलानं केलेला खून लपवला. शेजारणींनी डोळे पुसले. माझी आई म्हणाली, "आईचं काळीज आहे, लपवणारच."

पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाली, "व्हय वैनी. नामांतराच्या दंगलीत आमचं घर पेटवलं, लेकरू आत व्हतं. पेटवणाऱ्यांच्या आयांनी बी पोलिसांला सांगितलं, पोरं घरीच झोपली व्हती."

आईनं उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

आई जाऊन वर्ष झालं. तिच्यासाठी रडू येतं, आणि मध्येच टीव्हीचा तो वाढवलेला आवाज ऐकू येतो.