सोबतीला गेले होते

मला चौकशा करायची खोड आहे. नवरा त्याला चोंबडेपणा म्हणतो, मी जिज्ञासा म्हणते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात या वादाचा निकाल लागलेला नाही. आमचं घर शिरोड्याच्या अलीकडच्या एका गावात, अगदी एसटीच्या थांब्यासमोर. पडवीत तांदूळ निवडत बसलं की कोण कुठे चाललंय ते दिसतं, आणि दिसलं की विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एक गोष्ट मला फार दिवस छळत होती. थांब्यापासून हाकेच्या अंतरावर डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर वयस्कर, मृदू बोलणारे. माझ्या दोन्ही मुलांचे ताप, खोकले, कानदुख्या त्यांनीच बऱ्या केल्या. तरीही समुद्राकडच्या वाडीतल्या बायका, तापाने फणफणल्या असल्या तरी, तो दवाखाना ओलांडून थांब्यावर यायच्या आणि वेंगुर्ल्याची गाडी धरायच्या. पुरुष मात्र खुशाल तिथेच जायचे. बायकांपैकी एखादी गेलीच तर कधी एकटी नाही. नुसतं बोट कापलेलं असलं तरी बरोबर दुसरी असायचीच.

मी विचारायची. एक म्हणाली, "तेचा औषध लय कडू." दुसरी म्हणाली, "वेंगुर्ल्याक बाजार पण होता मगे." तिसरीने तर सांगितलं, "थय गर्दी आसता," आणि त्या वेळी दवाखान्याचं बाकडं माझ्या डोळ्यांसमोर रिकामं पडलं होतं. मग मी आपले तर्क लढवायची. डॉक्टर या बायकांवर खेकसत असतील, नाहीतर वाडीचं आणि त्यांचं जुनं भांडण असेल. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. आज त्या मजेची लाज वाटते.

आमच्या दारावर रोज सकाळी मासे घेऊन येणारी एक मावशी आहे. बांगड्यांवरून आमची रोज तासाची हुज्जत, आणि हुज्जत झाली नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं होतं. एके दिवशी ती हुज्जत न घालताच म्हणाली, "वैनी, सुनेच्या पोटात दुखता. एसटीत बसाची ताकद नाय तिका. माझी पाटी अजून भरलेली. तू तिच्यावांगडा डाक्टराकडे जातलंस काय? काय करूचा नाय, फकत भितुर बसान रव."

सुनेसोबत जायला मी लगेच हो म्हटलं. सगळ्या जगाला कशाला आणि का विचारणारी मी, आत बसून कशाला राहायचं, एवढं मात्र विचारलं नाही.

सून तिशीतली, शेलाटी, पोट धरून चालत होती. डॉक्टरांनी माझ्या मुलांची चौकशी केली, थोरला कुठे शिकतो विचारलं. मग म्हणाले, "ताई, यांचं पोट तपासायचंय. आपण जरा बाहेर थांबता का?" किती अदबीने म्हणाले! आत दुसरी बाई नव्हती, कंपाउंडर बाहेर गोळ्यांच्या खिडकीत होता. मी उठले. बाहेर येताना पडदाही मीच नीट ओढून घेतला.

ती बाहेर आली ती थांबलीच नाही. गोळ्या न घेता रस्त्याला लागली. मी मागून हाका मारल्या, "अगो, औषध राहिलं!" तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं, डॉक्टर रागावले असतील.

दुसऱ्या दिवशी मावशी पाटीशिवाय आली. पायरीवर बसली आणि तिने एकच विचारलं, "भायर कशाक गेलंस?"

मग तिने सगळं सांगितलं. तपासणीच्या नावाखाली आत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते सुनेचं आहे, आणि जिथे सांगायला हवं तिथे तिने ते सांगितलं आहे. वाडीतल्या बायकांना हे दहा वर्षं माहीत होतं. जिला जमेल तिने गाडीने वेंगुर्ल्याला जायचं. जिला जमणार नाही तिने दुसरीला बरोबर न्यायचं, आणि त्या दुसरीने काही झालं तरी खोलीतून हलायचं नाही. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीला एवढा नियम सांगितला जायचा, त्यामागचं कारण नाही. वरच्या रस्त्याकडच्या आम्हा बायकांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मी मूर्खासारखी म्हणाले, "पण मला तर ते कधीच काही..."

"तुका कशाक करतलो?" मावशी म्हणाली. "तुझो घोव बँकेत. तू आराडलंस तर धा लोक धावान येतले. आमचा कोण आयकता?"

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा घोळवलंय. म्हणजे हा माणूस निवडत होता. कोणाचं बोलणं ऐकलं जाईल आणि कोणाचं नाही, याचा त्याने माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. आणि तोच माणूस माझ्या धाकट्याच्या कानात थेंब घालताना त्याला गोष्ट सांगायचा. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, याचं मला अजून कुतूहल आहे, आणि असं कुतूहल वाटतं याचा रागही येतो.

सुनेने तक्रार करायचं ठरवलं. सासू आडवी येईल असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. मावशी म्हणाली, "धा वर्सा आमी नुसती वाट बदलली. झाला काय तेना?"

तक्रार झाली. चारपाच दिवसांत गावभर झालं की डॉक्टर म्हणतात, असं काही घडलंच नाही. तपासताना बँकवाल्यांच्या बाई आत बसल्या होत्या, त्यांनाच विचारा. मी निवडायचे तांदूळ तसेच टाकून उठले. माझ्या चांगुलपणाची त्याने ढाल केली होती. आता मी गप्प राहिले, किंवा नीट आठवत नाही म्हटलं, तर ती मुलगी खोटी ठरणार होती.

नवरा वाईट माणूस नाही, पण सावध आहे. म्हणाला, "तू काही पाहिलेलं नाहीस. मग कशाला पडतेस यात?"

"पाहिलं नाही, हेच तर सांगायचंय!" मी ओरडले. एरवी आमच्या भांडणात शेवटचा शब्द त्याचा असतो. त्या दिवशी तो उठून चहा करायला गेला.

सून आणि मी वेंगुर्ल्याला पोलीस ठाण्यात गेलो. जबाब घेणारी अधिकारी तरुण होती, घाई करत नव्हती. मी सांगितलं की मला बाहेर पाठवलं, आत दुसरी बाई नव्हती, पडदा मी ओढला.

"बाहेर का गेलात?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

तिने ते तसंच लिहिलं. मग म्हणाली, "कंपाउंडर म्हणतो, तुम्ही आत होता की बाहेर ते त्याला आठवत नाही. दुसरं कोणी पाहिलं तुम्हाला?" कोणीच नव्हतं. मी सही केली.

आम्ही स्टँडवर येऊन गाडीची वाट पाहत बसलो. गप्प बसणं मला जमत नाही. जो प्रश्न विचारायला नको होता तोच मी विचारला, "अगं, पडद्यापलीकडेच तर होते मी. हाक का नाही मारलीस?" तोंडातून गेला आणि मला जीभ चावावीशी वाटली.

ती चिडली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "काकी, तुमी भायर हसत होतात. कंपाउंडराबरोबर कायतरी बोलान मोठ्यान हसलात. माका वाटला, काकी हसता म्हणजे ह्या असाच आसतला. तपासणी अशीच आसतली."

त्या दिवशी तिने कोणती साडी नेसली होती ते मी सांगू शकते. डॉक्टरांच्या टेबलावर काय काय होतं तेही. हसल्याचं मात्र मला काही आठवत नव्हतं. कशाला हसले असेन? मी डोक्याला खूप ताण देऊन पाहिला. मग एकदम लक्षात आलं की मला आठवत नसलं तरी तिने ते ऐकलंय, पडद्याच्या आतून ऐकलंय; म्हणजे मी बाहेर होते याची खूण तिच्याजवळ आहे.

गाडी लागली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल परत."

अधिकाऱ्याने कागद पुन्हा पुढे ओढले. "आणखी काय?"

मी सांगितलं. सुनेने मान हलवून हो म्हटलं. अधिकारी म्हणाली, "बाई, हे तुमच्या नावानिशी जाईल. कोर्टात सगळ्यांसमोर वाचतील."

"लिहा," मी म्हटलं. "मी बाहेर होते आणि हसत होते."