वाळूत रोवलेली काडी

घाट उतरायला मी फार भिते. कोल्हापुरातून कोकणात जायचं तर घाटाशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळं माझी भीती गगनबावड्याच्या टपरीवरच सुरू होते. बाकीचे तिथं चहा पितात, मी उलटीची गोळी घेते. गेल्या हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. धुक्यात दरीकडचा कठडा दिसत नव्हता, आणि आबा आणि माझा नवरा पुढं बसून तांबड्या रश्श्यात खोबरं किती असावं यावर भांडत होते. मागच्या सीटवर मी डोळे घट्ट मिटून अंबाबाईला हाका मारत होते.

आबांनी सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. ऊस आणि म्हशी, यातून सवड कधी मिळणार? पाण्याची भीती मात्र त्यांना कधीच ठाऊक नव्हती. अर्ध्या गल्लीला त्यांनी पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकवलंय. फक्त मी डब्यासकट बोंबलत घरी पळाले, ती कायमची. पूर आला की लोक त्यांनाच विचारायला येतात. मग आबा पाण्याच्या कडेला काडी रोवतात, तंबाखू मळत उभे राहतात आणि पाणी चढतंय का उतरतंय ते सांगतात. त्यांच्या शब्दावर लोक भांडीकुंडी माळ्यावर चढवतात, नाहीतर निवांत झोपतात.

पहिला दिवस देवगडात आणि कुणकेश्वरात गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावरून निघालो. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, ना माणूस ना घर, आणि वाटेत एका बाईनं इथं वाघ फिरतो असं सहज सांगितलेलं. कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात हे नवऱ्यानं समजावलं. त्यानं माझी भीती काडीचीही कमी झाली नाही. सडा संपून खाली खाडीच्या तोंडाशी वस्ती दिसली तेव्हा कुठं मला श्वास आला.

नवरा जेवण सांगायला वस्तीत गेला. ओहोटी होती. खाडीच्या तोंडात घोट्याएवढं पाणी आणि पलीकडे वाळूचा उंचवटा, त्यावर मोठा खडक. आबांनी धोतर खोचलं आणि चालायला लागले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही चपला हातात घेऊन मागं गेले.

खडकाजवळ पोचल्यावर आबांनी काय करावं? उंचवट्याच्या समुद्राकडच्या अंगाला, लाटांच्या बरंच वर काडी रोवली. मग खडकावर टेकून तंबाखू मळू लागले.

"आबा, चला की माघारी. मला भ्या वाटतंय."

"भ्यायला काय झालं? काडी बघ. बूड कोरडं हाय."

खरंच कोरडं होतं. लाट यायची, काडीच्या पलीकडंच विरायची. आबा समुद्राकडं असे बघत होते, जसे नव्या पाहुण्याला जोखतात. मीही काडीकडंच बघत बराच वेळ बसले. नदीकाठच्या माणसाला पाणी समोरून येतं एवढंच माहीत. पाठीमागं गाव असतं.

पाठीमागून एका बाईची आरोळी आली. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी बाई दोन्ही हात हलवत होती. "ओ पावण्यांनू, मागे फिरा! खाडी भरता हा!"

मी वळले. आम्ही आलो ती वाट राहिलीच नव्हती. बाजूनं खाडीत शिरलेलं पाणी आमच्या मागून वाहत होतं. आणि आबांची काडी अजून कोरडीच.

"चल," आबा म्हणाले. एवढंच. आम्ही पाण्यात उतरलो. गुडघे, मांड्या, कंबर. पायाखालची वाळू सरकत होती. मला पोहता येत नाही, पण आबांना येतं, ते मला नेतील, एवढ्या एकाच गोष्टीवर मी पाय टाकत होते. मध्यावर धोतर पायांत गुंडाळलं आणि त्यांचा पाय निसटला. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं आणि पुरात म्हशीची शेपटी धरतात तशी त्यांनी दोन्ही हातांनी माझी ओढणी धरली.

"पोरी, सोडू नगंस मला."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घाट, दरी, वाघ, सगळी भीती एकीकडं आणि हे एक वाक्य एकीकडं. आता मला आधाराला धरायला कुणीच उरलं नव्हतं. मी त्यांच्या बंडीला मूठ घातली आणि ओरडत, रडत, ओढत निघाले. नवरा धावत पाण्यात आला तोवर पाणी पुन्हा कमरेला आलं होतं. वर आल्यावर आबा वाळूवर बसून राहिले. त्या बाईनं त्यांना कोरा चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून संपवला.

घरी आल्यावर हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. परत येताना घाटात मी डोळे उघडे ठेवले होते, कारण आबांनी मिटले होते.

यंदा पंचगंगा पात्राबाहेर आली. मी माहेरीच होते. संध्याकाळी शेजारचे दाराशी आले. "आबा, चढतंय का उतरतंय, बघा की जरा."

आबा अंथरुणावरून उठले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बघून ये जा."

मी गेले. काडी रोवली. लोक काडीकडं बघत होते, आणि मी वळून वळून मागं, घराकडं बघत होते.