सलगऱ्याच्या पुढची मोरी

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं हे माझं पोटापाण्याचं तत्त्व. रॅम सैल असते, पंखा अडकलेला असतो, नाहीतर गिऱ्हाईकानं स्वतःच काहीतरी उद्योग केलेला असतो. बाहेरचं, लागीर वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. बायको म्हणायची, "तुमच्यासमोर भूत उभं राहिलं तर आधी त्याचा प्लग काढून बघाल." तर अशा माणसाला जे झालं ते लिहितोय. हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

गोष्ट २००६-०७ ची. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं दुकान, घर टेंबलाईवाडीत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेत कीमन होते. मिरजेहून पूर्वेला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज होती ना, तिच्यावर. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या. उन्हातान्हात, पावसात. माझं लहानपण त्याच लाईनच्या कडेला क्वार्टरमध्ये गेलं.

ती लाईन मोठी करायचं ठरलं, छोटी गाडी बंद होणार असं नक्की झालं, तेव्हा मला वाटलं की आपण ही कॉम्प्युटरवर उभी करावी. ट्रेन सिम्युलेटरमध्ये स्वतःचा मार्ग बनवता येतो. पण त्यातला रूळ मोठ्या गेजचा! अडीच फुटी रूळ मला स्वतः बनवावा लागला. डब्यांचं मॉडेल पुण्याच्या निखिलनं बनवून दिलं. तो इंटरनेटवर भेटलेला मित्र, माझ्यासारखाच गाड्यांचा नाद असलेला. स्टेशनं, बाभळी, फाटकं सगळं मी एकेक करून बसवलं. त्यात लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी मेलेली, त्यामुळं लाईट गेली की दोन तासांचं काम मातीत. मॉनिटरवर हात आपटून आपटून मनगट दुखायला लागलं होतं.

तरी मिरजेपासून कवठेमहांकाळपर्यंत आलो. आणि मग सुरू झाला तो वैताग.

सलगऱ्याच्या पुढं एक ओढा आहे, त्यावर दगडी मोरी. मोरी म्हणजे रुळाखालून पाणी जायला बांधलेला छोटा पूल. त्या मोरीवर गाडी आली की तिसऱ्या डब्याची मागची बाजू उचलायची आणि पडद्यावर संदेश – गाडी रुळावरून घसरली. दरवेळी. तिसराच डबा, तीच मोरी.

मी रूळ काढून परत टाकला. चढउतार शून्य, वळण नाही, अगदी पट्टी ठेवल्यासारखा सरळ. घसरली. मोरी काढली, साधी जमीन ठेवली. घसरली. डबे बदलले, इंजिन बदललं. घसरली! मग वाटलं, नकाशाचे चौकोन जिथं जोडले जातात तिथं काहीतरी गडबड असेल. म्हणून आठ दिवस खपून त्या भागातली सगळी लाईन अर्धा किलोमीटर उत्तरेला सरकवली. तर गाडी जुन्या जागी नाही घसरली... नव्या जागेवरच्या मोरीवर घसरली.

सगळं सीडीवर घालून निखिलला पाठवलं. आठवड्यानं त्याचा फोन आला. "अरे, माझ्याकडेही तिथेच घसरतेय. फाईल उघडून ओळ न ओळ बघितली. त्या जागी काहीच नाहीये."

"मग घसरती कशाला?"

"ते तू सांग. मार्ग तू बनवलायस."

मी फोन आदळला. बायकोनं जेवायला बोलावलं तर तिच्यावर खेकसलो. तीन महिने एका काल्पनिक मोरीपायी घरात भांडणं चालली होती, ह्याची लाजही वाटत होती.

एका रविवारी दुपारी आबा खोलीत आले. ते कॉम्प्युटरपासून लांबच असायचे, कधीतरी मागं उभं राहून चुका काढायचे. 'बाभळ डाव्या अंगाला हुती', 'फाटकाचा रंग असला नव्हता', असलं. त्या दिवशी मी चिडून गाडी परत सोडली होती. ते खुर्ची ओढून बसले. सलगरे गेलं, ओढा आला, डबा उचलला.

आबा पुढं वाकले. मग म्हणाले, "ही कंची मोरी?"

"सलगऱ्याच्या पुढची. ओढ्यावरची."

"येग किती हुता?"

"पंचवीस."

"धाच्या आत घे."

मला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलतोय. पण गाडी मागं नेली आणि आठच्या वेगानं आणली. तिन्ही डबे मोरीवरून गेले. अलगद. तीन महिन्यांत पहिल्यांदा!

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "हितंच झेंडी धरल्याली मी."

आता ती झेंडीची गोष्ट मला सांगायला हवी. मी दहावीत होतो तेव्हा आबांनी लाल झेंडी दाखवून पॅसेंजर गाडी थांबवली होती. रूळ दबतोय म्हणाले. दोन तास गाडी उभी. साहेब ट्रॉलीवरून आले, लेव्हल लावून रुळाची पातळी पाहिली, गेज लावून रुंदी मोजली, सगळं बरोबर. रूळ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या गँगचे मुकादम मारुतीकाका, त्यांनीही 'काय न्हाय तितं' म्हणून जबाब दिला. आबांची कीमनकी काढून त्यांना गँगमध्ये फावड्यावर घातलं. गावात त्यांना 'झेंडीवाला' म्हणायला लागले. शाळेत पोरं मला लाल रुमाल दाखवायची. आणि खरं सांगायचं तर... मलाही वाटायचं की आबांचंच चुकलं. ही घटना कुठं घडली, कुठल्या मोरीवर, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात तो विषयच बंद होता.

"गाडी गेली की जमिनीतनं दणका यायचा," आबा म्हणाले. "पायाला कळायचं. तिसरा डबा आला की यायचा. कोरडी लेव्हल लावून काय घावतंय? वर गाडीचं वजन नगं? धाच्या वर गाडी घिऊ नगा, एवढंच म्हणत हुतो की मी."



दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्ट धरला – मारुतीला बोलव. मारुतीकाका निवृत्त होऊन पेठ वडगावला लेकीकडं राहत होते. मी स्वतः जाऊन त्यांना मोटारसायकलवरून आणलं. कशासाठी ते सांगितलं नाही, नुसतं 'आबांनी बोलावलंय' म्हणालो. चौदा वर्षांत दोघं बोलले नव्हते. वाटेत म्हातारा एकदाच आबांचं नाव घेऊन बोलला, "रावसू बरा हाय न्हवं?"

आबांनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. "सोड रं गाडी."

मी सोडली. पंचवीसचा वेग. मारुतीकाका सुरुवातीला कौतुकानं बघत होते – "आयला, आरगचं टेसन की ह्ये!" ओढा जवळ आला तसे ते गप्प झाले. तिसरा डबा उचलला, गाडी आडवी झाली.

"ह्ये तू करायला लावलंस व्हय रावसू?"

"इचार त्येला."

"काका, मी काहीच केलं नाही. गेले तीन महिने हेच दुरुस्त करतोय," मी म्हणालो. 

मारुतीकाका पडद्याकडंच बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मला बी लागला हुता दणका. तुज्या आदी दोन दिस."

मग आबांकडं न बघता तेच पुढं सांगू लागले.

"सायब म्हणला, मुकादम, तुझी हद्द हाय, खराब निघाली तर तुझ्यावर येईल. मी म्हणलो न्हाय काय तितं. मग फुडल्या आठवड्यात गुपचूप माणसं लावून खडी भरून घेतली मी तितं. तू तवा दुसऱ्या टोकाला फावड्यावर हुतास."

मला वाटलं आबा आता त्यांच्या अंगावर जातील. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "ह्ये तवा म्हणला असतास तर काय झालं असतं रं? माझं पोरगं बी मला खुळा समजत हुतं."

मी मान खाली घातली. मारुतीकाकांनी आबांचा हात धरायचा प्रयत्न केला, आबांनी तो सोडवून घेतला. पण माझ्या बायकोला हाक मारून म्हणाले, "पावण्यास्नी च्या टाक." आपण मात्र घेतला नाही.

त्यानंतर सगळं ठीक झालं असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मी आबांना म्हणालो, अर्ज करूया, काकांचा जबाब लिहून घेऊया. आबा म्हणाले, "कुणाला दितोस? गेमात गाडी पडली म्हणून सांगणार व्हय?" बरोबरच होतं. ज्या साहेबांनी लेव्हल लावली ते कधीच निवृत्त झालेले. पुढं छोटी गाडी बंद झाल्यावर मी एकदा मोटारसायकल काढून ती जागा बघायला गेलो, तर छोटा रूळ उखडलेला, भराव पसरून टाकलेला, ओढ्यावर नवीन काँक्रीट. जुन्या मोरीचा एक दगडही मला ओळखता आला नाही. ज्याच्यावर बोट ठेवावं असं काही उरलंच नव्हतं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आबा २०११ साली गेले. मारुतीकाका दहाव्याला आले होते, लांब उभे राहिले आणि न जेवता गेले.

तो मार्ग माझ्याकडं आहे. नवीन मशीनवर टाकलाय, सिम्युलेटरची पुढची आवृत्तीही आली. निखिलनं त्याच्या ओळखीच्या दोन प्रोग्रामरना दाखवला. एकानं सांगितलं, गणितातली कुठलीतरी बारीक चूक असणार. ठीक आहे, असेल. पण ती चूक त्याच मोरीवर कशी, तिसऱ्याच डब्याखाली कशी, दहाच्या आत आली की नाहीशी कशी होते? ह्यावर तो म्हणाला, योगायोग. मी त्याला म्हणालो, मग दुरुस्त करून दाखव. त्यानं पंधरा दिवस घेतले आणि फाईल परत पाठवली. सोबत एकच ओळ होती, 'सॉरी, घसरतेच.'