ओळीला चार थांबे

भाऊ गेल्याचं कार्ड शहाद्याहून गुरुवारी आलं. छातीत कळ आली, तासाभरात आटोपलं, एवढंच त्यात होतं. आमच्या गावात, रनाळ्यात, अजून म्हणतात, यशवंत विलायतेत नापास झाला म्हणून शाळेत गणित शिकवत बसला. ते खोटं आहे. काकी तीन वर्षांपूर्वी गेली, आता तिचा मुलगाही गेला, म्हणून लिहितो.

माझा हा चुलतभाऊ डॉक्टरेट मिळवून तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधनाला राहिला होता. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. ते थांबे मोजायचं त्याचं काम. एका उन्हाळ्यात तो घरी आला. पानाशेजारी छोटा आरसा ठेवून तो वाचणाऱ्याचा डोळा बघायचा, बोटाने खूण करायचा आणि मी वहीत रेघ ओढायचो. माझे थांबे ओळीला नऊ. काकीचे, पोथी वाचताना, चार. आणि नजर मागे एकदाही नाही. "मन्ही मायसारखं वाचणारं तठे कोणी नही," तो म्हणाला. त्यावरच त्याने शोधनिबंध लिहिला आणि तिथली कायमची जागा त्याला मिळणार असं ठरलं.

काकीला अक्षर येत नव्हतं. काका वाचायचे ते ऐकून पोथी तिला पाठ होती, पान कुठे उलटायचं तेही. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मोजणीच्या पहिल्याच दिवशी ती मला ओट्यावर म्हणाली, "त्याले सांगू नको रे. पोऱ्या इलायतमा शिकना, नि माय अशी." मी सांगितलं नाही. रेघा मात्र चोख ओढल्या.

पुढच्या वर्षी त्याने नवा कागद आणला, कपाशीच्या बियाण्याची माहिती छापलेला. मनात वाच म्हणाला. काकीचे डोळे तसेच फिरले… चार, चार, चार. काय लिहिलंय, त्याने विचारलं.

"देवनं नाव. दुसरं काय ऱ्हाई?"

भाऊने आरसा पालथा ठेवला. मग म्हणाला, "बरोबर शे, माय."

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्याने दुसऱ्या दिवशी टाकलं. कारण लिहिलं, मोजणीत चूक स्वतःच्याच हातून झाली. जागा गेली. पत्र टाकून येताना त्याने मला विचारलं, "तुले ठाऊक व्हतं?" होतं, म्हणालो. "मंग आकडा का बरं लिखत ऱ्हायना?" आकडे बरोबर होते, एवढंच मला सुचलं. त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

काकी शेवटची आजारी पडली तेव्हा तिने मला जवळ बोलावून विचारलं, "यशवंतले समजनं का रे?" भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभा होता. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, "नही, काकी." तिने डोळे मिटले. भाऊने तांब्या माझ्या हातात दिला, क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेला… ती माफी होती की नाही, हे विचारायला मला तीन वर्षं होती. मी विचारलं नाही.