मी बसले की वाजणारं स्टिअरिंग

आमची गाडी मोठी, उंच, सगळं कुटुंब बसेल अशी. मी ती चालवताना स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की पायाजवळून कर्र असा आवाज यायला लागला. आमचे हे चालवायला बसले की मात्र गाडी गप्प. असं दोन-तीनदा झाल्यावर ह्यांनी निकालच देऊन टाकला. "आवाज गाडीत नाही, तुझ्या हातात आहे."

मी उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळते, म्हणे. मुकुंदवाडीच्या गॅरेजवाल्यानं ह्या निकालावर शिक्का मारला. त्यानं सीट पार मागं सारली, ऐसपैस बसून एक चक्कर मारून आला आणि गाडी ओके आहे म्हणाला. वर, मॅडमला जरा दमानं वळवायला सांगा, हेही सांगितलं. मला नाही, ह्यांना. मी दोघांच्या मधेच उभी होते. गेल्या कित्येक वर्षांत मला इतका राग आला नव्हता.

त्या दिवसापासून चावी ह्यांच्या खिशात गेली. भांडण नाही, काळजीपोटी. रस्त्यात काही तुटलं तर काय करशील, असं. मला गाडी मिरवायची हौस नव्हती. पैठणला माझी आई एकटी राहते आणि दर रविवारी मी गाडी काढून तिच्याकडं जायचे. तिला पुढच्या सीटवर बसवून धरणाकडं एक फेरी, मग जेवण, मग गप्पा. मी एसटीनं जाऊ शकते, पण गुडघे धरलेल्या आईला एसटीत चढवून फिरवता येत नाही. हे न्यायला तयार होते. पण ह्यांचा रविवार म्हणजे कुणाचं तरी लग्न नाहीतर वास्तुशांत. एक रविवार गेला, दुसरा गेला. आई कधी तक्रार करत नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, "जावईबापूला टाइम भेटला की ये मग."

ते मला लई लागलं. माझ्या आईला भेटायला मी दुसऱ्याच्या वेळेची वाट का बघायची?

मी शाळेत विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे मुलांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पांढरे झाले. तेच आता स्वतःसाठी करायचं ठरवलं. आमचे हात वेगळे, हे मान्य. पण मी बसते तेव्हा आणखी काय वेगळं असतं? उत्तर माझ्या उंचीत होतं. मी बुटकी. त्यामुळं मी सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढं ओढते आणि घरी आल्यावर आठवणीनं मागं सारून ठेवते. एखाद्या दिवशी विसरलं की सकाळी ह्यांचा गुडघा स्टिअरिंगला आपटतो आणि मग अख्ख्या उस्मानपुऱ्याला ऐकू जातं.

शनिवारी दुपारी मी ह्यांना घरासमोर उभ्या गाडीत बसवलं आणि सीट माझ्यासारखी पुढं घ्यायला लावली. गुडघे पार छातीशी आले. इंजिन चालू करून म्हटलं, "आता तुमच्या हातानं वळवा."

कर्र.

हे माझ्याकडं बघायला लागले. मी सीट मागं घ्यायला लावली. पुन्हा वळवलं, आवाज नाही. पुढं घेतली, कर्र. मग ह्यांना खाली उतरवलं आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन मीच आत वाकले.

आमच्या ह्यांना वस्तू नवी ठेवायचा भारी सोस. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. गाडीतही कंपनीनं लावलेलं प्लास्टिक तसंच, त्यावर रबरी मॅट, तिच्यावर आणखी एक जाड मॅट, आणि पावसाळ्यात चिखल लागू नये म्हणून सगळ्यांवर गोणपाट. ते सरकू नये म्हणून त्याचं मागचं टोक ह्यांनी सीटखालच्या पट्टीत घट्ट खोचलेलं, त्यामुळं सीट मागं गेली की ढीगही मागं ओढला जायचा. मी सीट पुढं ओढली की हा सगळा ढीग पुढं सरकायचा आणि स्टिअरिंगचा दांडा जिथं खाली पत्र्यात शिरतो, तिथल्या रबरी टोपणावर चढायचा. ते रबर चेपून दांड्याला घासत होतं. एवढाच तो माझ्या हातातला दोष.

मी एकेक थर उपसून अंगणात टाकला. पायाखाली इतका ढीग ठेवणं धोक्याचं आहे, ब्रेकखाली काही अडकलं असतं तर काय झालं असतं, हे शाळेतल्या आवाजात सुनावलं. ह्यांनी मान खाली घालून ऐकलं. नंतर गॅरेजवाल्यानं घासलेल्या रबराला ग्रीस लावून दिलं. ते मात्र मी स्वतः जाऊन, त्याच्यासमोर गाडी डावीकडं-उजवीकडं वळवून लावून घेतलं.

रविवारी आईला धरणावर नेलं. चुकलो, असं हे म्हणाले नाहीत. ते ह्यांच्याच्यानं होत नाही, हे मला ठाऊक आहे. मला फक्त चावी हवी होती, ती खुंटीवर परत आली.

पुढचा आठवडा गाडी ह्यांच्याकडंच होती. शनिवारी संध्याकाळीही हेच घेऊन आले. रविवारी सकाळी मी पैठणला निघाले, दार उघडून बसले आणि सवयीनं सीटखालची दांडी चाचपली.

सीट आधीच पुढं होती, शेवटच्या खाचेपर्यंत.